मॉड्यूल वर टेबलावर होतं

या सदरातले अनुभव मी वाचतो ते निव्वळ टाइमपास म्हणून. भूतखेत, करणी, सावल्या… कशावरच माझा विश्वास नाही. एका कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे बिघाड का झाला हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण ही एक गोष्ट मला आजवर सोडवता आलेली नाही. मुग्धा, माझी बायको, म्हणाली, "जसं झालं तसं लिही. मसाला घालू नकोस." तेवढंच करतो.

आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, एकच जिना आणि तो थेट खालच्या पार्किंगमध्ये उतरतो. माझ्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे, वाघोलीच्या एका माणसाकडून सेकंड हँड घेतलेली. मागच्या उन्हाळ्यात तिने छळायला सुरुवात केली. सकाळी छान चालायची, इंजिन तापलं की सिग्नलला बंद. थंड झाली की परत चालू. प्लग बदलला, कॉइल बदलली, उपयोग शून्य. शेवटी दोष सापडला तो इग्निशन मॉड्यूलमध्ये. हा एक छोटा काळा डबा असतो. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते तो ठरवतो. तो काढला तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गाडी चालू होणं शक्यच नाही. गोष्ट सगळी इथेच अडते.

नवीन मॉड्यूल आणलं आणि रविवारी जेवण झाल्यावर खाली कामाला बसलो. जुनं काढलं. ठिणगीचं टायमिंगही लावायचं होतं, म्हणून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटचं कव्हरही उघडून ठेवलं. मग लक्षात आलं की नव्या डब्याच्या वायरींचे रंग वेगळे आहेत. दोन्ही डबे घेऊन वर आलो, डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मोबाइलवर डायग्राम बघून रंग जुळवत बसलो. समोर मुग्धा मेथी निवडत होती. गाडीची किल्ली माझ्या खिशात.

आणि खालून गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

मुग्धा म्हणाली, "तुझी गाडी कोण चालू करतंय रे?"

"माझी कशी असेल? हे काय, मॉड्यूल इथे आहे."

"अरे पण आवाज तुझ्याच गाडीचा आहे!"

होता खरा. टू-स्ट्रोकचा तो आवाज लपत नाही, आणि आमच्या सोसायटीत तसली दुसरी गाडी नाही. मी तसाच धावत खाली गेलो.

गाडी मेन स्टँडवर उभी, जवळपास कुणी नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय. उघड्या कव्हरमधून मॅग्नेट गरगर फिरताना स्पष्ट दिसतोय. आणि मॉड्यूलचा रिकामा कनेक्टर फ्रेमला नुसता लोंबकळतोय… मी पेट्रोल बंद करायला खाली वाकलो. तेव्हा पलीकडच्या कारमागे एक चप्पल दिसली. चपलेत पाय होता.

पहिल्या मजल्यावरचे दामले काका होते ते. निवृत्त शिक्षक. काकू लेकीकडे गेल्या होत्या. काका भिंतीला टेकून अर्धवट पडलेले, घामाने शर्ट चिंब, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी मुग्धाला ओरडून बोलावलं. शेजाऱ्यांच्या कारमधून आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

या गडबडीत गाडी मी बंद केलीच नाही. मुग्धा म्हणते, ती खाली आली तेव्हा गाडी बंदच होती. पण माझ्या पोटरीला सायलेन्सर लागून भाजलं होतं, म्हणजे भास नक्कीच नव्हता.

पुढच्या रविवारी संदेश, माझा मित्र, टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, घेऊन आला. आधी आम्ही मॉड्यूल न लावताच किका मारून पाहिल्या. घामाघूम झालो. ठिणगी नाही, काही नाही. मग नवीन मॉड्यूल जोडलं, गाडी चालू केली आणि लाइट धरला. त्या उघडझापीत फिरणाऱ्या मॅग्नेटवरची खूण जागच्या जागी थांबलेली दिसते. ती जरा पुढे होती. प्लेट किंचित फिरवून जुळवली, स्क्रू आवळले. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. संदेशला सगळं सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "तू सांगतोस म्हणून ऐकतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो."

इथवर असतं तर मी लिहिलंही नसतं.

काका घरी आले. पण जिन्यात भेटले की मान वळवायचे. मला कळेना. एका संध्याकाळी मी आणि मुग्धा त्यांना भेटायला गेलो.

"या. आज वेळ मिळाला वाटतं," काका म्हणाले.

मी सरळच विचारलं, "काका, माझ्यावर रागावलायत का?"

"रागावून काय करू? जीव वाचवलास, ते कसं नाकारू? पण आधी मला तसाच टाकून का गेलास, एवढं सांग."

"टाकून? मी आवाज ऐकून खाली आलो, काका…"

"अरे, मी पडलो होतो, आंधळा नव्हतो झालो. तू गाडीजवळ उभा होतास. हाच चष्मा, हाच तुझा निळा टीशर्ट. मी हात हलवत होतो. तू किका मारल्यास, गाडी चालू केलीस, माझ्याकडे वळून चांगलं निरखून बघितलंस… आणि जिना चढून वर निघून गेलास. मग काय आठवलं कोण जाणे, धावत परत आलास."

मुग्धा म्हणाली, "काका, अहो हा तर माझ्यासमोर—" मी तिचा हात दाबला.

काय सांगणार होतो? नुकत्याच अटॅकमधून उठलेल्या माणसाला?

"चुकलं माझं, काका," मी म्हणालो. "घाबरलो होतो."

त्यांचा चेहरा एकदम निवळला. "असू दे, असू दे. होतं असं," म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. आता ते पूर्वीसारखे बोलतात.

गाडी मॉड्यूलशिवाय कशी चालली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता मी ते शोधतही नाही. पण आमचा जिना एकच आहे. काकांना दिसलेला तो वर यायला निघाला आणि मी खाली धावलो… आणि वाटेत मला कुणीच भेटलं नाही.