काचेची बाजू

सुनीलच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. सकाळचे अकरा वाजले होते, मी धुळ्यात घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि स्क्रीनवर त्याचं नाव दिसताच मनात पहिला विचार आला तो हा, की आता याला माझ्याकडून काय हवंय. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आमचं बोलणं बंद होतं. पाच आठवडे गप्प बसलेला माणूस एकदम फोन करतो म्हणजे त्यामागे काहीतरी असणार, असं माझं डोकं चालतं. दुसऱ्यांदा वाजला, तोही वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे त्याची बायको मनीषा. "दाजी, अक्काले लई या," एवढंच ती म्हणाली. अक्काला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन या. आणि मी विचारलं, "कशाला?" माणूस रडत बोलतोय हे कानाला कळत होतं, तरी मी आधी कारण विचारलं... हे लिहायला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही. सुनील त्या सकाळी चोपड्याला आपल्या दुकानात पाण्याची मोटार तपासत होता. छातीत कळ आली म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता.

सुनील माझ्या बायकोचा, कमलचा, धाकटा भाऊ. चोपड्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. केळीच्या बागांमधल्या पाणबुडी मोटारी उन्हाळ्यात जळाल्या की त्याच्याकडे यायच्या. जळालेली तार काढायची, नवी भरायची, सुती दोऱ्याने बांधायची, वार्निश मारून सुकवायची. त्याच्या शर्टाला कायम वार्निशचा वास असायचा. आणि मी तीस वर्षं कापसाचा ग्रेडर. शेतकऱ्याची गाडी खरेदी केंद्राच्या आवारात लागली की वरचा कापूस सगळेच बघतात, मी कोपरापर्यंत हात घालून मधला काढायचो. वर कोरडा, पांढराशुभ्र आणि मध्ये पाणी मारलेला, असं इतक्या वेळा हाती लागलं की पुढे पुढे मला कोणीही हसतमुखाने समोर आलं तरी हात शिवशिवायचा. कमल म्हणायची, तुम्ही लग्नासाठी मला बघायला आलात तेव्हाही माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि घराच्या मागच्या दाराकडे जास्त बघत होतात. खोटं नाही ते.

या सुनीलवर तर माझा पहिल्यापासून डोळा. तो पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आला तेव्हा मी कामावर असताना त्याने आमचा मिक्सर खोलला. संध्याकाळी आलो तर जोडून, पुसून जागेवर. पूर्वी घरघर करायचा तो अगदी गप चालायला लागला. दुसऱ्या कोणी मेव्हण्याची पाठ थोपटली असती. मी दोन वर्षं तो मिक्सर चालू झाला की कान देऊन ऐकायचो, की यातून याने काढून काय नेलंय!

दीड-दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात गेमिंग कॉम्प्युटर शिरला. तयार नव्हे, एकेक भाग मागवून स्वतः जोडायचा. वर्षभर त्याची पार्सलं येत राहिली. चोपड्यात पार्सल लपत नाही. आज कॅबिनेट आलं, महिन्याने मदरबोर्ड, मग कितीतरी दिवस काहीच नाही, मग एकदम तीन पंखे. एकदा तो एसटीने धुळ्याला आला तो मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊनच. शेवभाजी जेवायला वाढलेली, आणि याने ताटाशेजारी टॉवेल उलगडला. आत विटेएवढं काळं, चकचकीत ग्राफिक्स कार्ड. "अक्का, हात लाव, हात लाव," असं म्हणत त्याने तिच्या हाताचं पीठ स्वतः पुसलं. मी विचारलं, "हे चोपड्याहून इथे आणायचं कारण?" तो म्हणाला, "दाखाडाले." दाखवायला. एवढ्यासाठी कोणी तीन तास गर्दीच्या एसटीत बसून येतं? मला ते पटलं नाही.

यंत्र पुरं झालं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. त्याने बोलावलं म्हणून मी एकटाच गेलो. कमलला मुद्दाम नेलं नाही, आधी आपण बघून यावं म्हणून. दुकानाच्या वर एक खोली, खिडकीला काळा पडदा. भर दुपारी पडदा ओढून बसलेली खोली बघूनच माझं मन बिथरलं. आत एक टेबल, त्याच्या डाव्या अंगाला ठेंगण्या स्टुलावर ते कॅबिनेट आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन खुर्च्या. मला पाहुण्याच्या खुर्चीत बसवून त्याने बटण दाबलं. एका बाजूला पूर्ण काच, आत पंखे फिरतायत, निळा, जांभळा, हिरवा उजेड एकातून एक निघतोय. शेजारच्या पिठाच्या गिरणीतले आबाही माझ्या मागोमाग वर आलेले. त्यांनी दारात चपला काढल्या, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हाई काय शे रे सुनील? देव्हारा शे का?" सुनील हसून हसून टेबलाला टेकला. "आबा, कॉम्प्युटर शे. बठ्ठा मी सोता जोडेल शे." आबा म्हणाले, "मंग नारळ फोडा का नही?" आणि खरोखरच खाली जाऊन झेंडूचं एक फूल आणून त्यांनी काचेपुढे ठेवलं.

मी मात्र एक गोष्ट हेरून ठेवली होती. दिवे लागल्यापासून सुनील यंत्राकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या खुर्चीत बसून एकसारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. आवारात माल ओला घेऊन आलेला माणूस असाच ग्रेडरच्या तोंडाकडे बघतो. माझा संशय तिथे पक्का झाला. मी म्हणालो, "ही बाजू झाली. मागची उघड." काचेच्या उलट्या बाजूला काळा पत्रा होता, चार स्क्रू लावलेला. वाटलं, आता अडखळेल. तर तो लहान पोरासारखा उडी मारून उठला आणि पेचकस शोधायला लागला. "दाजी, इतला लोके येई गयात, पन ही बाजू कोणीच मांगी नही!" पत्रा निघाला. आत सगळ्या वायरी, मोटारीचं वाइंडिंग बांधतात तशा सुती दोऱ्याने, दर पेराएवढ्या अंतरावर एक गाठ अशा बांधलेल्या. एक टोक बाहेर नाही. लोक प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावतात, याने दोरा लावला होता आणि ते झाकून ठेवलं होतं. मी बोट फिरवून बघितलं. तो म्हणाला, "तुम्हीच खरे देखणारे." मी झडती घेत होतो आणि त्याला ते कौतुक वाटलं... त्या वेळी मी मनात म्हणालो, किती साळसूद आहे हा.

घरी येऊन मी कमलला सांगितलं, तुझ्या भावाचं लक्षण ठीक दिसत नाही. शिरपूरकडच्या एका ओळखीच्या माणसाचं घर ऑनलाइन जुगारात धुऊन निघालं होतं, ते ताजं होतं. सुनीलचीही तीच चिन्हं मला दिसत होती. दिवसा पडदा, कानाला हेडफोन, अनोळखी लोकांशी तासन्‌तास हिंदीत बोलणं. फोनवर मनीषाने सहज सांगितलं, की दुपारचं दुकान बंद करून ते वर जातात. ते सहज सांगणंही मला शिकवलेलं वाटलं. कमल आधी माझ्याशी भांडली. मग एक दिवस तिनेच विचारलं, "खरंच तसं असेल का हो?" तिच्या मनात ते मी घातलं. हे मला आज कोणी सांगायला नको.

आखाजी आली. आमच्या खान्देशात लेकीला आखाजीचं माहेर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. भाऊ मुराळी होऊन बहिणीला घ्यायला येतो. पन्नाशी उलटली तरी कमल दर आखाजीला जायची आणि दरवर्षी सुनीलच न्यायला यायचा. यंदाही आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात आंब्याची पिशवी. बाहेरूनच ओरडला, "अक्का, चाल व! वरनी खोलीमा तुन्हासाठे खुर्ची पुसी ठेयेल शे." मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "यंदा ती येणार नाही." त्याला वाटलं, थट्टा करतोय. मग मी जे बोलायचं ते बोललो. जुगार हा शब्दही बोललो. शेजारी ऐकत होते, ते दिसत असूनही बोललो. सुनीलने पिशवी ओट्यावर ठेवली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, राग नव्हता, तो गोंधळला होता. "दाजी, इचारं असतं तं सांगं असतं," तो म्हणाला. कमल आत होती. ती बाहेर आली नाही, मला घाबरून नाही, तिच्याही मनात किल्मिष शिरलं होतं म्हणून. तो पाणीही न पिता गेला. मुराळी रिकाम्या हाताने परत जाणं आमच्याकडे किती वाईट, हे कळण्याइतका मी इथलाच आहे.

त्यानंतरचा फोन तो मनीषाचा.

दहावं झालं, त्या दुपारी मी मनीषाला म्हणालो, ते कॉम्प्युटर एकदा बघून घ्यायला हवं. कोणाचं काही देणंघेणं, काही भानगड... वाक्य मी पुरं केलं नाही. ती म्हणाली, "देखा ना दाजी. ते बी म्हणेत, दाजी देखतस तसं कोणीच देखत नही." हे ऐकूनही मी वर गेलो. कमल माझ्या मागून आली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. ती पाहुण्याच्या खुर्चीत बसली, मी सुनीलच्या. पडदा ओढलेलाच होता.

यंत्राला पासवर्ड नव्हता. मला तेही खटकलं. तासभर मी सगळं उलथंपालथं केलं. ट्रक चालवायचा एक खेळ होता, त्यात तो फारसा पुढे गेलेला नव्हता. बाकी मोटारींचे नकाशे, बांधलेल्या वायरींचे फोटो, एकाच गाठीचे पाच-पाच. हेडफोनवर ज्यांच्याशी बोलायचा ते चौघं याच्यासारखेच घरी कॉम्प्युटर जोडणारे निघाले. त्यांना तो दोऱ्याची गाठ कशी मारायची ते समजावत होता. एकाने लिहिलं होतं, भाई, दिखता तो है नहीं, इतनी मेहनत क्यों? त्यावर सुनीलने नुसतं हसणारं तोंड पाठवलं होतं. बस. जुगार नाही, काही नाही. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. मला सापडायला हवं होतं. काहीतरी सापडलं असतं तर आखाजीच्या दिवशी मी खरा ठरलो असतो, इतकी माझी नियत त्या खुर्चीत बसूनही वाईट होती.

डोळे दुखायला लागले म्हणून मान वळवली, आणि तेव्हा लक्षात आलं की मला दिवे दिसत नाहीयेत. एकही नाही. माझ्या बाजूला होता तो काळा पत्रा, चार स्क्रू लावलेला. काच पलीकडे, पाहुण्याच्या खुर्चीकडे. मी लोकांना सांगत फिरलो होतो की सुनील दिवसभर पडदा ओढून दिवे बघत बसतो. वर्षभर एकेक भाग आणून जोडलेलं ते सगळं झगमग त्याला त्याच्या जागेवरून दिसतच नव्हतं. त्याच्या जागेवरून दिसायचा तो समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. आबांचा दिसला असेल, माझा दिसला. माझ्या चेहऱ्यावर त्या दिवशी त्याला काय दिसलं असेल कोण जाणे.

आता तिथे कमल होती. तिच्या गालावर निळा उजेड आला, जांभळा झाला, हिरवा झाला. दहा दिवस रडून सुजलेले डोळे तिने मोठे केले होते आणि ती काचेला नाक लागेल इतकी वाकून आत बघत होती. हे बघायला तो इस्त्रीचा शर्ट घालून धुळ्याला आला होता.

"काही सापडनं का?" तिने काचेवरची नजर न काढता विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तू बस अजून."