मोटरीवरची मोठी पुली

हे मी आजवर कोणापुढेही मांडलेले नाही. पत्नीपुढे नाही, वकिलापुढे नाही — आणि ज्याच्यापुढे सर्वप्रथम मांडायला हवे होते, त्याच्यापुढे तर नाहीच. तुम्ही विश्वास ठेवाल की नाही, याची मला शंका आहे. शंका घेणे हा माझा स्वभावच झाला आहे.

वाशिममध्ये मला ओळखतात ते अर्ज लिहिणारा माणूस म्हणून. वीजबिलात घोळ असो की रस्त्याचे निकृष्ट काम — मी लिहितो, पोच घेतो, स्मरणपत्र धाडतो, आणि समोरच्या साहेबाला घाम फुटेपर्यंत थांबत नाही. समोरचा खोटे बोलत आहे असे धरूनच चालावे, हा माझा नियम. हा नियम माझ्यात इतका पक्का कोठे झाला? त्याकडेच येतो आहे — येताना पाय अडखळतो, इतकेच.

निवृत्तीनंतर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी एक छोटे मिलिंग मशीन बसवले. शेतकरी पेरणी यंत्राच्या झिजलेल्या चकत्या आणत. सोयाबीनच्या दाण्याच्या मापाने खाचा पाडून मी त्यांना ॲल्युमिनियमच्या नव्या चकत्या करून देत असे. कटर बारीक, आणि तो फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग कमी. खाच खरबरीत येई, दाण्याची साल निघे. शेतकरी चकतीवरून बोट फिरवीत आणि काही बोलत नसत. ते न बोलणे मला सहन होत नसे.

म्हणून मी वेग वाढवला. मोटरीवर मोठी पुली चढवली, स्पिंडलवर लहान — मोटर तीच, पण स्पिंडल कितीतरी जोरात फिरू लागले. मूळच्या वेगाहून अधिक वेग बेरिंगला सोसणार नाही, असे माहितीपुस्तकात स्पष्ट बजावले होते. ते मी वाचले होते. लोकांना नियमावलीतील एकेक ओळ बोट ठेवून दाखवणारा मी — माझ्यापुरती ती ओळ मी नसल्यासारखी केली. आणि खाचा काय सुरेख येऊ लागल्या! बोट घसरावे अशा.

पेरणीच्या तोंडावर, भर कामात बेरिंग करकरले, जळक्या ग्रीसचा वास सुटला आणि स्पिंडल जाम झाले. ते बेरिंग नुकतेच बसवले होते सुधाकरने — केनवडचा फिटर, मशीन विकणाऱ्या दुकानदाराकडे कामाला असलेला. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? याने जुनेच बेरिंग पुसून बसवले आणि नवे म्हणून सांगितले! त्याच संतापात मी दुकानदाराकडे लेखी तक्रार केली. येथवर मी खोटारडा नव्हतो, हे नमूद करतो. संशय होता — पण तो प्रामाणिक होता.

दुकानदाराचा निरोप आला, उद्या पाहणीला माणूस येईल. दुपारी मी मशीनचे झाकण उघडले, आणि ती मोठी पुली समोर दिसली. माझ्याच हाताने चढवलेली. तिला पाहून मला सारे कळले — की आधीच कळलेले होते? आज शपथेवरही सांगता येणार नाही.

तक्रार मागे घेता आली असती. पण अर्ज लिहिणाऱ्याचाच अर्ज खोटा निघाला, हे गावभर झाले असते. मी पाना उचलला. मोठ्या पुलीची जोडी उतरवली, मूळची चढवली, पट्टा ताणला. आणि हात लागल्याचे दिसू नये म्हणून शेडमधली धूळ घेऊन मूळच्या पुल्यांवर चोळली. उतरवलेली जोडी भंगारात गेली.

पाहणीत मशीन मूळ स्थितीत आढळले. दोष फिटरचा ठरला. सुधाकरचे काम गेले.

तो माझ्याकडे आला. भांडायला नव्हे. शेडच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “काका, बेरिंग म्या नवंच टाकलं होतं, लेकराची आन. कोनं मशीनीचा स्पीड त नाही वाढवला? मले येवढंच सांगा.”

येवढंच! — आणि मी काय केले? आवाज चढवला. पुराव्याविना असा संशय घेणे म्हणजे बदनामी, नोटीस धाडीन, कोर्टात उभा करीन, असे ओरडलो. शेजारी बाहेर आले. ज्या कायद्याचे मी जन्मभर गोडवे गायले, त्यानेच मी एका रास्त प्रश्नाचे तोंड बंद केले. “बरं काका, रागवू नोका,” म्हणून तो गेला.

तेव्हापासून कोणी मला सांगू लागला, की आम्ही कशालाही हात लावलेला नाही, तर माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते. लोक याला माझी पारख म्हणतात.

परवा केनवडच्या बाजारात सुधाकर दिसला. बायकोसह घरच्या मळ्यातली भाजी घेऊन बसला होता. “या काका! मशीन चालू हाये ना? स्पीड कमीच ठेवत जा बरं, बेरिंगले सोसत नाही.” आणि हसला.

“काकाले काय शिकवून राह्यले तुमी?” त्याची बायको म्हणाली. “वांगे घ्या काका, आजचेच हायेत.”

तो टोमणा होता? काळजी होती? की फिटरच्या तोंडून सहज निघालेले वाक्य? त्याला ठाऊक आहे काय — आणि ठाऊक असेल, तर केव्हापासून? त्या हसण्याची मी अजून उलटतपासणी करतो आहे. त्याने वांगी पिशवीत टाकली, वरून मूठभर मिरच्याही. मी पिशवी धरून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्या पुल्या आता नाहीत. पुरावा मीच नाहीसा केला. तुमच्याजवळ उरतो तो केवळ माझा शब्द — आणि माझा शब्द काय योग्यतेचा आहे, हे तुम्ही आताच वाचले. तरीही नमूद करतो: सुधाकरने बसवलेले बेरिंग नवे होते. निर्दोष होते. वेग मी वाढवला होता.