बनशंकरीच्या सिग्नलला आलेला फोन
रिक्षात उदबत्तीचा वास आला की मला बनशंकरीचा तो सिग्नल आठवतो. दोन वर्षांची लेक माझ्या मांडीवर होती, अजून मानही धरत नव्हती, आणि मला पुन्हा पाचवा महिना लागला होता. लेकीच्या आजाराबद्दल डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "बाळ घडत असताना पेशी एकमेकींना निरोप देतात. ते नीट पोचायला प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या लागतात. हिच्यात त्या धड जोडल्याच जात नाहीत." पुढच्या बाळालाही तसंच होऊ शकतं, म्हणून पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी तपासायला दिलं होतं. सिग्नलला थांबलो आणि बाईंचाच फोन आला. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. "अक्का, फोन तगोळ्ळी," रिक्षावाले अण्णा मागे वळून कानडीत म्हणाले, फोन घ्या म्हणून. घ्यायचा हे मलाही कळत होतं, पण बोट हलेना. त्यांनी काही न विचारता रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी घेतला. "बाळाला तो आजार नाही," बाई म्हणाल्या. मी नुसतं "बरं" म्हटलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी दुसरीच भीती वाटली. मला इतकं सुटल्यासारखं वाटतंय, म्हणजे मांडीवरच्या या लेकीसारखं मूल मला नको होतं की काय? घर येईपर्यंत मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आता धाकटा विचारतो, ताई का बोलत नाही, तेव्हा त्याला समजेल तेवढं सांगते. त्या दिवशी मला काय वाटलं, ते मात्र अजून कुणालाच सांगितलेलं नाही.