विमानाच्या नाकावरचा फोटो

माजलगावच्या आपल्या गॅरेजात शंकरअप्पा रोज उदबत्ती लावत, पण देवापुढे नव्हे. टेबलफॅन सुरू करून ते तिचा धूर रेडिएटरच्या तोंडाशी धरत आणि तो कुठून निसटतो ते बघत. गिऱ्हाइकं हात जोडत. अप्पा खेकसत, "पाया कावून पडता बे? हवा तपासतोय!"

जुन्या मोटारीचं इंजिन बसवून त्यांनी एकट्यापुरतं विमान बांधलं होतं. ते एकदा तरी उडावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण इंजिन जरा चाललं की पाणी उकळे. मोठा रेडिएटर टाका, असं कुणी सुचवलं की अप्पा त्याला बिनडोक ठरवत. साऱ्या गावालाच ते बिनडोक समजत. "हवा लई कामचोर हाय. जाळीतून जायचं तिच्या जिवावर येतं. बाजूला फट दिसली की सटकती, आपल्या पुढाऱ्यावानी."

शेवटी त्यांनी तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचा, विमानाच्या नाकापासून रेडिएटरच्या जाळीकडे रुंदावत जाणारा बोगदा केला आणि फटींत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. तापमानाचा काटा मध्यावरच थांबला. अप्पांनी गल्लीला चहा पाजला आणि शिव्याही घातल्या.

उडण्याजोगं लांब मैदान फक्त साखर कारखान्याचं. चेअरमननी ते दिलं, पण हंगामातली उसाची पहिली मोळी टाकण्याच्या समारंभातच उडवायचं, या अटीवर. देश आता खुला झाला, आपला जिल्हाही झेप घेणार, असं ते माइकवर सांगत होते. तोवर त्यांच्या माणसांनी विमानाची पूजा उरकली होती. नारळ फोडला, हार घातले आणि चेअरमनचा मोठा फोटो नेमका बोगद्याच्या तोंडावर तारेनं आवळला.

"फोटो काढा. इंजनाला हवा मिळायची न्हाई," अप्पा म्हणाले.

"सायबाचा फोटो काढू?" चेअरमनचा पुतण्या हसला. "लई माज आला का, अप्पा? असंच उडवा, न्हाईतर मैदान सोडा."

कारखान्याविरुद्ध पत्रकं वाटताना घसा फोडणारे आमच्या संघटनेचे कार्यकर्तेही आपापल्या चपला न्याहाळत उभे होते. मला किळस आली.

अप्पांनी पक्कड काढून तार तोडली. फोटो पुतण्याच्या हातात कोंबला. "धर बे. तुझ्या सायबालाच उडीव." आणि विमान ट्रॅक्टरमागे बांधून परत नेलं.

मैदान पुन्हा मिळालं नाही. विमान न उडवताच अप्पा गेले. मग कारखान्यानं ते घरच्यांकडून मागून नेलं आणि गेटवर चौथऱ्यावर चढवलं. परवा मी तिथं थांबलो. बोगद्याच्या तोंडावर चेअरमनचा फोटो आहे. आता तो पत्र्यावर रंगवलाय, आणि तारेनं न बांधता वेल्डिंगनं पक्का केलाय.