पवनचक्कीच्या पात्याची सावली

जालन्यात लोखंडाचा तुकडा रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही. कुणी ना कुणी उचलतो आणि तो भट्टीच्या वाटेला लागतो. त्यामुळे आमच्या शेजारचे भंगारवाले चाचा एका सकाळी पडल्या चेहऱ्यानं दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मला नवल वाटलं.

"बेटा, मी तं फसलो," ते म्हणाले. "जुन्या पवनचक्क्यांचा माल घेतल्ता. खांबाचं लोखंड हातोहात गेलं. पण ती पाती कोनी घेऊनच न्हाई राह्यलं. भट्टीवाले म्हणतात, हे उचला इथून."

मी त्यांच्या आवारात जाऊन पाहिलं. ट्रकमध्ये मावावीत म्हणून पात्यांचे तुकडे करून आणले होते. एखादा मोठा मासा चिरून ठेवावा तसे ते पांढरे तुकडे बाभळीखाली पडले होते. हात लावताच ओळख पटली. आमचा नवरा-बायकोचा छोटा कारखाना फायबरची दारं आणि पाण्याच्या टाक्या बनवतो. पात्यातही तेच होतं, काचेच्या धाग्याचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन. फक्त ते आमच्या मालापेक्षा कितीतरी मजबूत होतं.

"वितळवून टाक की मंग," चाचा म्हणाले.

"वितळत नाही ना, चाचा. एकदा भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होतं का?"

"मंग जाळून टाकू."

"काच जळते का? नुसता काळा धूर होईल आणि सगळी वसाहत आपल्या दारात येईल."

चाचांनी दाढी खाजवली. मग त्यांच्या डोक्यात आलं की हा सगळा माल माझ्याच आवारात टाकावा. नुसतं मनात आणून ते थांबले नाहीत, दुपारपर्यंत तुकडे आमच्याकडे आलेसुद्धा. नवरा कारखान्याच्या दारात उभा राहून बघत होता. "आपण दारं विकतो," तो म्हणाला, "आता हे आपल्याच दारात येऊन बसलं."

एक तुकडा कापून बघायचं आम्ही ठरवलं. दोघांनी तोंडाला मास्क लावला, पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, हिऱ्याचे कण बसवलेल्या कापायच्या चकतीवर पाण्याची धार सोडली. पातं उभं चिरलं तेव्हा आत दोन थरांच्या मधे हलकं पिवळसर लाकूड निघालं आणि दोन सुरेख बाकदार कवचं सुटी झाली. इतकी हलकी की आम्ही दोघांनी एक सहज उचललं. मी इतकी खूश झाले की घरी गेल्यावर कामाचे कपडे वेगळे ठेवायचंच विसरले. सगळ्या कपड्यांबरोबर तेही वॉशिंग मशीनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी बदनापूरला नवऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. नवऱ्यानं पांढरा कुर्ता घातला होता. त्रिसरण-पंचशील होईपर्यंत तो गप्प बसला, मग मान खाजवू लागला, मग पाठ. पुढं पुढं तर मंडपाच्या खांबाला पाठ घासायला लागला. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "ह्याला काय झालं गं? कोनाची नजर लागली का?" खरं तर मशीनमधून काचेची कुसळं त्याच्या कुर्त्यात शिरली होती. हे मी सांगायला गेले आणि माझ्याच दंडाला खाज सुटली. फोटोत आम्ही दोघंही हात वर करून उभे आहोत. पाहणाऱ्याला वाटतं, फार आनंदात होतो.

त्यानंतरच्या रविवारी मी माहेरी आष्टीला गेले आणि आईबरोबर बाजारात निघाले. ऊन रणरणत होतं. आई वर्षानुवर्षं ज्या मावशींकडून भाजी घेते, त्या डोक्यावर ओलं पोतं घेऊन बसल्या होत्या. पालाचं कापड वाऱ्यानं फाटलं होतं आणि पुढ्यातली मेथी मान टाकत होती.

"मावशी, छप्पर करून दिलं तर त्याखाली बसाल का?" मी विचारलं.

"कशाचं? पत्र्याचं नको माय. पत्रा तापतो, अन् उडाला की मान कापतो."

"पवनचक्कीच्या पात्याचं."

मावशींनी माझ्याकडं, मग आईकडं पाहिलं. "तुमची लेक बरी हाय ना?"

ग्रामपंचायतीनं जागा दाखवली. आम्ही कवचांच्या कापलेल्या कडांवर रेझिनचा नवा थर दिला, म्हणजे काचेची कुसळं कुणाला लागू नयेत. चाचांनी त्यांच्याकडचे लोखंडी पाइप दिले आणि स्वतः टेम्पोत बसून आले. कवच पाइपांवर चढवून बोल्ट कसले, तेव्हा अर्धा बाजार भाजी सोडून तिथं जमला होता. मावशी खाली बसल्या, वर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पंख्याचं पातं म्हणता, मंग वारा कुठाय ह्याचा?"

सगळा बाजार हसला. चाचा सगळ्यांत जोरात हसले.

वारा आला तो पुढच्या आठवड्यात. वळवाचं वादळ सुटलं, तेव्हा मी तिथं नव्हते, आईनं फोनवर सांगितलं. पालं उडाली, कुणाची टोपली रस्त्यापार गेली. पात्याखाली मात्र मावशी, शेजारच्या तिघी आणि मिरचीवाल्याची बकरी अशी सगळी दाटीवाटीनं बसून होती. "जरा हललं न्हाई," मावशींनी आईच्या हातातून फोन घेऊन मला सांगितलं. "अन् आता सगळ्या माझ्याच बाजूला बसायला भांडून राह्यल्या. दुसरं लवकर घेऊन ये. न्हाईतर माझी जागा जाईल."

दुसरं नेलं, मग तिसरंही. उरलेला चुरा आम्ही रेझिनमध्ये मिसळून जाड फरश्या करून पाहिल्या. पहिला घाणा ठिसूळ निघाला. मग नवऱ्यानं चुऱ्यात लांब धागेही राहू दिले, तेव्हा फरशी जमली. तशा फरश्या आता बाजारात भाजीवाल्या बायकांच्या आणि टोपल्यांच्या खाली आहेत, त्यामुळं चिखलात बसावं लागत नाही.

चाचांनी हे इतकं मनावर घेतलं की आता फायबर दिसेल ते उचलतात. मागच्या महिन्यात त्यांनी एका बागेतली तुटकी घसरगुंडी आणली. घसरगुंडी म्हणजे जबडा उघडलेली भली मोठी हिरवी मगर. "बेटा, हिचंबी छप्पर कर," ते म्हणाले.

मी चकती हातात घेतली, पण नवऱ्यानं मला थांबवलं. त्यानं तिच्या तुटक्या शेपटीला कापड आणि रेझिन लावून ती नीट केली. आता ती आमच्या फाटकापाशी आहे. वसाहतीतल्या कामगारांची पोरं संध्याकाळी तिच्या पाठीवरून घसरतात आणि चाचा बाजूला खुर्ची टाकून, कोणाची पाळी आहे यावर त्यांच्याशी हुज्जत घालतात.