पायाखालची उशी

माझा मामा ओर्व्हल टॅकेट फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवताना डावा पाय आपटायचा आणि आमच्या केंटकीच्या डोंगरातली माणसं त्या ठेक्यावरच नाचायची. तरुणपणी त्याची एकच रेकॉर्ड निघाली. आवाज नको म्हणून कंपनीवाल्यांनी तेव्हा त्याच्या पायाखाली उशी ठेवली होती.

चाळीस वर्षांनी, जुनं संगीत जिवंत करायला निघालेल्या शहरी पोरांच्या बँडने त्याला स्टेजवर बोलावलं. मामाने पाय आपटताच त्यांचा म्होरक्या कानाशी लागला, "आजोबा, पाय नको ना! तुमच्या रेकॉर्डमध्ये तो नाहीये."

"मग रेकॉर्डलाच बोलवायचं होतं, लेको!" म्हणत मामा तडक खाली उतरला.

लोक हसले. पोरांनी त्याचीच चाल हुबेहूब वाजवली, उशीसकट.