कोऱ्या पानावरचा घोडा

माझ्या धाकट्या बहिणीला भेटवस्तू द्यायची फार हौस. त्या भेटीचं पुढे कुणी काय करायचं, याचा विचार मात्र ती कधी करत नाही. गेल्या डिसेंबरात ती पुण्याहून आमच्याकडे कोल्हारला आली, तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी तिनं नाताळचं एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं. नाताळच्या रात्री एका मुलीचा लाकडी घोडा जिवंत होतो आणि आभाळात उडून जातो, अशी गोष्ट. शेवटचं पान नुसतं गडद निळं. त्याच्याखाली एकच ओळ होती, की ज्याचा जादूवर विश्वास आहे त्याला इथे घोडा दिसेल.

बहीण दुसऱ्या दिवशी निघून गेली. पुस्तक राहिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर चौथीच्या मुलांपुढे बोलून घसा बसलेला असतो. तशात घरी येऊन भाकरी थापता थापता मला ते पुस्तक रोज मराठीत सांगावं लागे. मुलगी शेजारी पाटावर बसून पानं उलटायची आणि मी एक शब्द इकडचा तिकडे केला की थांबवायची. एकदा धुराड्याला मी चिमणी म्हणाले, तर घरावर बसलेली चिमणी दाखव म्हणून हटून बसली. चित्रातला बर्फ बघून सासूबाईंनी विचारलं, एवढा कापूस कुणी सांडला. तेही मलाच समजावून सांगावं लागलं.

पहिल्या दिवशी शेवटचं पान उघडून मुलीनं विचारलं होतं, दिसला का घोडा. मी खरं तेच सांगितलं, की नाही दिसला. मग तिनं पुस्तक सासूबाईंकडे नेलं. त्यांनी चष्मासुद्धा न लावता सांगून टाकलं, "दिसतोय की. लई देखना हाय." तेवढ्यात नवरा कामावरून आला. त्यानं हेल्मेटही न काढता पानाकडे पाहिलं आणि काय पळतोय म्हणाला. त्यावर मुलगी म्हणाली, मलाही दिसतोय. म्हणजे घरात न दिसणारी मी एकटीच उरले.

तेव्हापासून माझ्यामागे नुसता भुंगा लागला. मम्मी, आज दिसला का. मम्मी, डोळे मिटून मग उघड. मम्मी, तू नीट विश्वासच ठेवत नाहीस. नाताळ होऊन गेला, संक्रांतीचे तीळ भाजून झाले, तरी घोडा काही मला सोडेना. पालकसभेत तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि मुलांच्या कल्पनाशक्तीला घरातून खतपाणी मिळायला हवं, असं गोड आवाजात सांगितलं. मुलगी वर्गात सांगत होती म्हणे, आमच्या मम्मीला जादू येत नाही. मीही शिक्षिकाच आहे, हे तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, दिसला म्हणून टाक ना, तुझं काय जातं.

एका संध्याकाळी मी थकून म्हटलं, दिसला.

मुलगी उठून उभी राहिली. "तोंड कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे," मी म्हटलं.

ती पुस्तक घेऊन आजीकडे गेली. आजीचा घोडा डावीकडे बघत होता. मग तिनं माझ्या मोबाईलवरून पप्पांना फोन लावला. त्यांचा घोडा सरळ वर चालला होता. ती परत येऊन पाटावर बसली आणि शेवटचं पान पुन्हा उघडून बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. खरं तर सुटले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"कुणालाच दिसत नव्हता ना?" ती म्हणाली.

मी भाकरी तव्यावरून काढली आणि विचारलं, "तुला दिसत होता?"

"नाही. पण आजी आणि पप्पा हो म्हणाले. मला वाटलं, मलाच येत नाही."

महिनाभर ही पोर न दिसणारा घोडा दिसतो म्हणत होती आणि रोज मला विचारत होती. नाही म्हणणारी तिला मी एकटीच भेटले होते आणि शेवटी मीही शब्द फिरवला होता. मला सगळ्यांचाच राग आला, माझाही.

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. म्हणाल्या, "मलाबी न्हाई दिसला, बाय. पर तू एवढ्या आशेनं इचारलंस." मुलीनं विचार केला आणि विचारलं, मग देवळात देवी हसली म्हणतेस, तेही तसंच का? सासूबाईंचा हात तिच्या डोक्यावरच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हे असलं पोरीला मीच शिकवते, असं ठरवून टाकलं. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मुलगी पुस्तक घेऊन पाटावर तयार बसलेली. मी म्हटलं, आता तुला माहीत आहे ना, घोडा नाही ते.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाच. आणि चिमणी म्हणू नकोस."